कुलपातला लसूण

गरोदर बाईला सल्ला द्यायला डिग्री लागत नाही. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा तर आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत घरटी एक डॉक्टर होता! मला पहिल्यांदा दिवस गेले त्या वेळचे किस्से इतके साठलेत, की आजही आठवले की डोकं फिरतं.

मला काही पचत नव्हतं. वरण दिसलं की उलटी. पोटात टिकायची फक्त भाकरी आणि लसणाची चटणी. भंडाऱ्याहून सासूबाई आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी लसणाची जुडी ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

"लसूण गरम असते. पोटातलं लेकरू टिकत नाही."

किल्ली कमरेला! मी काय चोर होते?

*

शेजारी रायपूरच्या काकू राहायच्या. सासूबाईंनी त्यांना पहाऱ्यावर नेमलं. रोज दुपारी दारात हजर.

"सूनबाई, जरा तोंडाने श्वास सोड पाहू!"

सोडावा लागायचा. संताप नुसता!

*

नवरा ब्लास्ट फर्नेसवर. म्हटलं, "आठ तास भट्टीसमोर उभे राहता, आणि घरात लसणाच्या गरमीला घाबरता? बोला ना आईंशी!"

"भट्टीवर फोरमन असते," ते म्हणाले. "आईवर कोण आहे?"

*

तरी एकदा त्यांनी कँटीनमध्ये विचारलं. बंगाली मिस्त्री म्हणाला पपई नको, मद्रासी म्हणाला अननस नको, पंजाबी वेल्डर म्हणाला, "भाभीजी को लहसुन का अचार खिलाओ!"

आमच्या ह्यांनी दोन्ही बंद्या घरी आणल्या. लोणचं विसरले!

*

सातव्या महिन्यात माझं वजन उतरलं. दवाखान्यातल्या नागपूरकर डॉक्टरीणबाई सोबत आलेल्या सासूबाईंवर भडकल्या. "जेवणातल्या लसणाने काही होत नाही. औषध म्हणून मूठमूठभर खाऊ देऊ नका, एवढंच. उपाशी राहिली तर मात्र बाळाला धोका आहे!"

"तुमाले काय ठाऊक?" सासूबाई म्हणाल्या. "मी सहा लेकरं वाढवली. सहाही धडधाकट!"

"मग पोटुशी असताना तुम्ही काय खायच्या, आजी?"

"काय खाणार? भाकर आन् लसणाची चटणी. घरात दुसरं होतं काय!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सासूबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.