कागदाचा दादा

तिला सगळे लगदाबाई म्हणत. एका जुन्या गोदामात चार-पाच कलाकार जागा वाटून घेऊन काम करायचे, आणि तिथे सगळ्यांना नावं ठेवायचं खातं तारवाल्याकडे होतं. हा तारवाला मोडक्या छत्र्यांच्या काड्या छताला टांगून ठेवायचा. ते शिल्प पूर्ण झालंय की दुरुस्तीला आलंय, हे पाहणाऱ्याला कधी कळायचं नाही. अशा माणसाने दुसऱ्याला नावं ठेवावीत म्हणजे कमालच. पण लगदाबाई चिडायची नाही. भिजवलेल्या कागदाच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसणाऱ्या बाईला लोक आणखी काय म्हणणार?

पोट चालायचं ते दिव्यांच्या शेडवर. आधी कॉम्प्युटरवर आकार घडवायचा, मशीनकडून त्याच्या चकत्या जाड कागदात कापून घ्यायच्या, एकावर एक चिकटवायच्या आणि वरून लगद्याचा हात द्यायचा. हॉटेलवाले खूश असायचे. ती मात्र एकदा गेलेल्या शेडकडे परत ढुंकूनही पाहायची नाही.

घरी ती आणि आई. दादा नोकरीसाठी परमुलखात गेला आणि तिथेच आजारी पडून संपला. शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. त्यानंतर आईची नजर गेली. डॉक्टर म्हणाले काचबिंदूने गेली, आई म्हणायची रडून गेली. भिंतीवरचा दादाचा फोटो तिला असून नसल्यासारखा झाला. एका सकाळी चहा पिता पिता आई म्हणाली, "एवढं काय काय बनवत असतेस म्हणे. माझ्या लेकाचा चेहरा बनव की. डोळ्यांना नाही तर नाही, हाताला तरी लागू दे."

लगदाबाई हो म्हणाली, पण खरं सांगायचं तर आत थोडं जळलं. औषधं हिने द्यायची, वेणी हिने घालायची, रात्री पाय हिने चेपायचे, आणि दिवसभर जप कुणाचा, तर दादाचा. दादा असं बोलायचा, दादाला तसं आवडायचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. आईने आपल्या तोंडावरून शेवटचा हात कधी फिरवला, ते तिला आठवत नव्हतं. आणि पन्नाशीला आलेल्या बाईने आईला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने, की माझ्यावरूनही एकदा फिरव? तिने मनाशी ठरवलं, दादा असा हुबेहूब करायचा की आई हरखून जाईल. त्या आनंदात एखादा हात आपल्याही वाट्याला येईल.

जुने फोटो गोळा करून ती कामाला लागली. अडलं ते कानांशी. दादाला केस वाढवायची भारी हौस, त्यामुळे एकाही फोटोत कान दिसेना. "एकाच आईची लेकरं, कान ते काय निराळे असणार!" असं म्हणत तिने मोबाईलने स्वतःचाच कान स्कॅन केला आणि दादाला लावून टाकला.

डोकं तयार झालं, वाळलं. तिने ते आईच्या मांडीवर ठेवलं. आईने कपाळ चाचपलं, भुवया चाचपल्या, नाकापाशी आली आणि हात काढून घेतले.

"हा कोण पाहुणा आणलास?" आई म्हणाली. "माणूस चांगला वाटतो गं. पण आपला नाही."

दुसऱ्या दिवशी तारवाल्याने तिच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, तुझा आरसा चालू आहे!"

शेड दोन्ही बाजूंनी सारखी यायला हवी, म्हणून कॉम्प्युटरमधलं ते आरशाचं बटण ती कायम चालू ठेवायची. डावीकडे जे करावं ते उजवीकडे आपोआप उमटायचं. सवयच ती. आणि दादा तर असा, की त्याची एक बाजू दुसरीशी कधी जुळली नाही. लहानपणी जिन्यावरून पडून नाक एकीकडे गेलेलं. एक भुवई कायम वर, समोरचा थापा मारतोय असं वाटल्यासारखी. हसला की एकच गाल वर जायचा.

"वाकडा भाऊ इस्त्री करून सरळ केला मी," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. तारवाल्याने गुपचूप चहा आणून ठेवला. साखर घालायला विसरला.

आरसा बंद करून तिने पुन्हा सुरुवात केली. नाक ढकललं, गाल उचलला. भुवई वर चढवली मात्र, दादा स्क्रीनमधून तिच्याकडे बघायला लागला. ती काम टाकून तशीच बसून राहिली. आता बोलेल, असं तिला वाटत होतं. दादा, एकदा तरी यायचं होतंस रे.

नवं डोकं वाळल्यावर ती ते घेऊन पलंगावर आईशेजारी बसली. या वेळी आईचे हात नाकापाशी आले आणि थबकले. वाकडेपणावरून बोट खाली गेलं, परत वर आलं. मग भुवई. मग गाल.

"आलास?" आई इतकं हळू म्हणाली की लगदाबाईला श्वास घ्यायचीही भीती वाटली. आईने ते डोकं छातीशी धरलं, त्याच्या केसांवरून हात मागे नेला आणि कानाशी थांबली. पाळी चिमटीत धरून पाहिली.

"हा कान त्याचा नाही."

लगदाबाईचं तोंड उतरलं. "फोटोत दिसतच नव्हता गं. मी दुसरा करते, लगेच करते…"

"हा तुझा आहे."

"तुला कसं कळलं?"

"कळायला काय झालं? लहान असताना कान चोळल्याशिवाय झोपायची नाहीस तू. दिवसभराच्या कामाने माझेच डोळे मिटायला लागायचे, पण हात थांबला की तुझं भोकाड सुरू. मोठी होईपर्यंत हाच कान चोळलाय मी. विसरेन होय?"

यातलं लगदाबाईला काहीच आठवत नव्हतं.

"बदलू नकोस. राहू दे," आई म्हणाली, आणि कागदाची ती पाळी अंगठ्याने हळूहळू चोळत राहिली.

लगदाबाई पलंगावरून खाली उतरली, आईच्या गुडघ्यांशी बसली आणि केस मागे सारले.

"आई," ती म्हणाली, "खरा इकडे आहे."

आईचा हात चाचपडत तिच्याकडे आला.