तांदळात काढलेलं नाव

ताईचा फोन आला तेव्हा मी चिंचवड स्टेशनजवळ भाजी घेत होते. ती रडत नव्हती. "गेले गं," एवढंच म्हणाली, आणि जरा थांबून, "...आन् पत्र न्हाईच आलं." दाजी गेले याचा जेवढा धक्का बसला, तेवढाच त्या दुसऱ्या वाक्याचा बसला. वर्षभर आम्हा तिघांच्या जिवाला त्या एका पत्राचा घोर लागला होता. हातातली मेथीची जुडी तशीच टोपलीत ठेवली आणि देहूरोडला जायला रिक्षा पकडली. वाटेत दुःखापेक्षा भीतीच जास्त वाटत होती, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आता ताईचं कसं होणार, हेच एक डोक्यात फिरत होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भगवान जगदाळे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याकडे गावी न जाता देहूरोडला, छावणीच्या जवळ दोन खोल्या घेऊन राहिले. पुढे चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटीला लागले. मीही तिथेच वायरिंगच्या लाइनवर होते. सख्खी मेहुणी, पण शिफ्ट सुटली की गेटवर माझीही पिशवी उघडायला लावायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "दाजी, रिकामा डबा हाय, बॉम्ब न्हाई." तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नियम म्हंजे नियम, मंदाबाई. चला, पुढं सरका." लाइनीतल्या बायका फिदीफिदी हसायच्या आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. गेटपासवर शिक्का जरा पुसट असला तरी मोठमोठ्या साहेबांना उभं करणारा हा माणूस, आणि त्याच्याच सरकारी कागदात बायको दुसरी निघाली!

झालं होतं असं. लग्नात मुलीचं माहेरचं नाव बदलून नवं ठेवायची आपल्याकडे रीत. ताई माहेरची कौसल्या. सासरी ताटात तांदूळ पसरले आणि दाजींनी अंगठीने त्यात सासूबाईंनी निवडलेलं नाव काढलं, सुमन. पेढे वाटून झाले, तांदूळ डब्यात गेले आणि ते नावही त्यांच्याबरोबरच गेलं. ताईला ते कधी आपलं वाटलं नाही. गाव तिला कौसल्याच म्हणत राहिलं आणि रेशनकार्डापासून आधारकार्डापर्यंत ती कौसल्याच राहिली. दाजींनी मात्र रजा संपवून पलटणीत गेल्यावर बायकोचं नाव सुमन असं लिहून दिलं. रीतीप्रमाणे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पुढे हा घोळ ध्यानात यायलाही वाव नव्हता, कारण घरात त्यांनी तिला नावाने हाक मारलीच नाही. 'अगं' आणि 'अवो' एवढ्यावर दोघांचा संसार झाला. मूलबाळ असतं तर शाळेच्या दाखल्यासाठी तरी आईचं नाव फौजेच्या कागदांशी कुणी ताडून पाहिलं असतं. तेही त्यांच्या नशिबात नव्हतं.

गेल्या वर्षी दाजींच्या फुप्फुसाचं दुखणं बळावलं, तशी त्यांनी ताईचं फौजेकडून मिळणारं औषधपाण्याचं कार्ड काढायला घेतलं. ताईचे गुडघे गेलेले, रक्तदाब वर-खाली. मीही सोबत गेले होते. खिडकीमागचा मुलगा बिचारा नम्रपणे बोलत होता. "काका, रेकॉर्डला तुमच्या मिसेसचं नाव सुमन आहे. या कौसल्याबाई कोण?" दाजी म्हणाले, "हीच ती." "मग सुमनबाई कुठं असतात?" मला हसू फुटलं, ताईलाही फुटलं. त्या मुलाचंही बरोबरच होतं म्हणा, उद्या खरोखरच कुणी सुमन येऊन उभी राहिली तर त्याने काय करायचं? बाहेर आल्यावरही आम्ही दोघी हसतच होतो. दाजी हसत नव्हते. पिंपळाच्या पाराला टेकून, दम खात म्हणाले, "मी गेल्यावर सरकार हिची पेन्शन सुमनच्या नावानं काढंल. आन् सुमन तर जगात न्हाई. मग हिनं कुणाच्या दारात जायचं?" तेव्हा कुठे आमचं हसू थांबलं.

त्या दिवसापासून त्या घरात काळजीच राहायला आली. सुमन आणि कौसल्या एकच, हे सिद्ध करायचं होतं, आणि नाव ठेवलं तेव्हाचं जिवंत माणूस शोधायला गेलं तर मी एकटीच उरले होते. सासूबाई गेल्या, भटजी गेले. लग्नाच्या पत्रिकेत अर्थातच माहेरचं नाव. मग दाजींना घेऊन मी पिंपरीला वकिलापुढे प्रतिज्ञापत्र करायला गेले. "तुम्ही स्वतः पाहिलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पाहिलं म्हणजे काय, तांदळाचं ताट मीच धरलं होतं! नाव काढताना ताट हललं म्हणून ताईच्या सासूने मला टपली मारली होती." वकील हसला, पण टपलीचं काही लिहून घेतलं नाही. दाजींना मात्र ते लिहायला हवं होतं. "पुरावा हाय तो," परतताना रिक्षात दोनदा म्हणाले.

कागद फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला गेले आणि शेऱ्यासह परत आले. आम्ही दोघांचे वेगवेगळे फोटो शेजारी चिकटवले होते, त्यांना एकत्र काढलेला फोटो हवा होता. आता, या दोघांचा एकत्र फोटोच नव्हता! देहूरोडच्या बाजारात स्टुडिओत नेलं. तीन पायऱ्या चढायला दाजींना दोनदा थांबावं लागलं. कोट, टाय, बूट चकाचक. दोघं बाकावर बसले ते मध्ये वीतभर जागा सोडून. फोटोवाला म्हणाला, "काका, जवळ सरका की थोडं." दाजी ताठ बसून राहिले, ताईच सरकली. "आता जरा हसा." "हासलेला चालत न्हाई त्यांना," दाजी म्हणाले. "कुणी सांगितलं?" "रिजेक्ट झाला म्हंजे? न्हाई, तुम्ही असाच काढा." फोटोत त्यांच्या कपाळावर आठी आहे आणि ताईचा खांदा त्यांच्या खांद्याला लागलेला आहे.

कागद पुन्हा गेले आणि मंजुरीचं पत्र येईपर्यंत दाजींनी नवीनच टूम काढली. चौकशीचा फोन आला, कुणी घरी आलं, तर ताईला सुमन नावाला ओ देता आली पाहिजे! मग काय, रोज सराव. दारातल्या खुर्चीवर बसून ते पुकारायचे, "सुमन!" आत ताई भाकरी थापत असायची, तशीच थापत राहायची. "अगं, हजेरीत नाव पुकारलं की उभं राह्याचं आन् 'मी' म्हणायचं." "मी न्हाई ती. तिलाच हाक मारा." "फोनवर इचारलं, सुमनबाई हायत का, तर काय म्हणशील?" "राँग नंबर म्हणंन." मी हसून लोळायचे. दाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं की हसू आतल्या आत जिरायचं. दिवसेंदिवस त्यांची हाक बारीक होत चालली होती. पोस्टमन गल्लीत शिरला की ते खुर्चीतून अर्धे उठायचे, आणि तो पुढे गेला की खोकत खाली बसायचे. ते बघवत नसे.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलता येत नव्हतं. मला पाहिल्याबरोबर त्यांनी तळहातावर बोटाने चौकोन काढला. पाकीट. आलं का? मी मान हलवली... नाही. त्यांनी डोळे मिटले. बाहेर येऊन मी ताईला म्हटलं, "सांगू या का आलं म्हणून? तेवढाच जिवाला आराम." माझा अगदी निश्चय झाला होता. ताई म्हणाली, "नको. खोटी नोंद त्यांना चालत न्हाई." आणि आत जाऊन त्यांच्या पायांवरून हात फिरवत बसली. दोन दिवसांनी तो फोन आला.

तेराव्याला लावायला फोटो पाहिजे होता. चांगला म्हणावा असा तो एकच. स्टुडिओवाला म्हणाला, "ताईंना कापून काकांचा एकट्याचा मोठा करून देतो, कळणारही नाही." ताई उसळलीच. "इतके कागद करून मी त्यांच्या शेजारी बसले, आन् मला कापताय व्हय?" शेवटी कंपनीच्या गेटपासवरचा फोटो मोठा केला. त्यात दाजी आता कुणाची तरी पिशवी उघडायला लावणार असे दिसतात, म्हणून पाया पडतानाही मला हसू आलं आणि मग आवरेना इतकं रडू आलं.

पत्र त्यानंतर आलं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं मान्य झाल्याचं. ते वाचून मला आनंद झाला नाही, रागच आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. परवा ताईला घेऊन पेन्शनच्या खिडकीवर गेले. आतल्या बाईंनी जुनी फाइल वर काढली आणि पुकारलं, "सुमन भगवान जगदाळे कोण आहेत?" आता पहिल्यापासून सगळं रामायण सांगावं लागणार म्हणून मी तोंड उघडलं, तर ताई गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिलेली. "मी," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. पुढचं काम कसं झालं ते मला नीट आठवत नाही, डोळे पुसण्यातच माझा वेळ गेला. तो एक शब्द ऐकायला दाजी हवे होते.

दोघांचा तो फोटो आता फ्रेम करून दारातल्या खुर्चीच्या वर लावलाय. काल मी निगडीहून चंदनाचा हार नेला होता. घालायला स्टुलावर चढले आणि हात थांबला. हार दोघांच्या गळ्यात येत होता. ताईने खालून पाहिलं आणि हार मागायला हात वर केला.

"कपाटात ठिवते," ती म्हणाली. "माझी येळ झाली की घाल. दोघांस्नी एकच पुरंल."