पश्चिमेची शेवरी

शाहपूरला माझ्या मामाची केळीची बाग आहे. केळीवाला माणूस वर्षभर वाहणारा वारा लक्षात ठेवत नाही. ज्या वादळाने बाग पाडली, तेवढंच ठेवतो. त्यामुळे पवनचक्की विकायला आलेल्या इंदूरच्या माणसाने “इधर हवा कैसी रहती है?” असं विचारलं, तेव्हा मामाने त्याला मोबाइलवर एका वैशाखात आडव्या झालेल्या केळींचे फोटो दाखवले. “ऐसी रहती है,” मामा छाती पुढे काढून म्हणाला, जणू वादळ घरचंच होतं.

त्या माणसाने मग जोरदार वाऱ्याचं यंत्र दिलं. आखूड, जाड पाती. साध्या वाऱ्यात ढिम्म. मी बुऱ्हाणपुरात विज्ञान शिकवतो, म्हणून म्हणालो, “मामा, आधी वर्षभर इथला वारा मोजू. मग त्याला जुळेल ते यंत्र घे.”

“मास्तर, वारा मोजून द्यायला हे काय किराणा दुकान आहे?” मामा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, जेवण त्यांच्याकडेच होतं.

उद्घाटनाला मांडव, बँड आणि एक पुढारी होता. पुढाऱ्याने नारळ फोडला, बटण दाबलं आणि हात जोडून वर पाहिलं. पाती हलली नाहीत. मागून कोणीतरी ओरडलं, “साहेबांना अजून एक भाषण करू द्या, हवा तिथेच आहे!” मांडव खदखदून हसला. मामाचा फेटा मात्र घामाने भिजला.

इंदूरला फोन लावला. उत्तर आलं, वाऱ्याला आडोसा नको. आडोसा होताच. बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट भिंत होती. केळीला वारा लागू नये म्हणून इथे सगळेच लावतात. ही मामीने बी टोकून वाढवलेली.

“घड भरत आलेत,” मामी म्हणाली. “माल कापू द्या, मग तोडा काय ती.”

“गावात तोंड दाखवता येत नाही मला.”

“मग महिनाभर घरात ठेवा ते तोंड.”

दुसऱ्या दिवशी शेवरी तोडली. तरीही पाती हलली नाहीत.

माल कापायला आठवडा उरला होता, तेव्हा एका दुपारी पश्चिमेकडून वादळ आलं. मी तिथेच होतो. पाती गरगरली. “फिरली! बघ मास्तर, फिरली!” मामा ओसरीत अक्षरशः नाचला. मग वारा आणखी चढला आणि यंत्राने आपली पाती वाचवण्यासाठी आपोआप ब्रेक लावला. केळीला तशी सोय नसते. झाडं घडांसकट कमरेतून मोडत गेली, आणि मामा नाचायचा थांबला तोवर पलीकडचा रस्ता दिसू लागला होता. आजवर ओसरीतून तो कधी दिसला नव्हता.

संध्याकाळी शेजारचा बागवाला आला. त्याची शेवरी उभी होती, बागही. त्याने सगळं सावकाश पाहून घेतलं. “हवा भरपूर आहे हं तुमच्याकडे, दाजी. मानलं.” मामी त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

यंदा मामाने चारही बाजूंनी शेवरी लावली आहे. पवनचक्कीचा खांब मध्ये तसाच आहे. मी म्हणालो, भंगारात तरी देऊन टाकू.

“राहू दे,” मामी म्हणाली. मामा तेव्हा समोरच जेवत होता. “सकाळी उठल्यावर ह्यांना पहिलं तेच दिसलं पाहिजे.”