होडीचे खांदे

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, साक्रीकडच्या आमच्या खेड्यात शिडाची होडी आणली, तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. नव्वद सालच्या आगेमागेची गोष्ट. आबा तरुणपणी नौदलात होते, नंतर गावी येऊन शेती करू लागले. मुंबईत कुणीतरी जुनी होडी मोडीत काढतंय असं त्यांना कळलं, आणि कांदा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये घालून ते ती घेऊन आले. अख्खा गाव ट्रकभोवती जमला होता. होडीची डोलकाठी ट्रकच्या मागून हातभर बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला आबांनी स्वतःचा लाल रुमाल बांधला होता. मी धुळ्याची. होडी जन्मात पाहिली नव्हती, पण तो रुमाल पाहिला आणि मला एकदम नाचावंसंच वाटलं. नवी सून होते म्हणून नाचले नाही, एवढंच.

गावाखाली छोट्या धरणाचं पाणी होतं. तिथे होडी नेली, डोलकाठी उभी केली, आणि मला कळलं की ती स्वतःच्या बळावर उभी राहतच नाही. एक तार पुढून, एक डावीकडून, एक उजवीकडून, अशा तीन तारा तिला ओढून धरतात, तंबूला तणावे असतात तसं. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला एक पितळी पेच. पेच फिरवला की तार ताणली जाते, उलटा फिरवला की सैल पडते. आबा त्याला बॉटल-स्क्रू म्हणायचे. पेच आपोआप उलटा फिरू नये म्हणून त्याच्या भोकातून एक दोन पायांची पिन घालायची आणि तिचे पाय जरासे फाकवायचे. आमच्याकडे मोटारपंपाला असते तीच, स्प्लिट पिन.

म्हणजे बघा, एवढी मोठी डोलकाठी, एवढं मोठं शीड, आत बसलेली माणसं, आणि सगळा भार पेचातल्या एकेका बोटभर पिनेवर! मला हे इतकं आवडलं की महिनाभर मी दुसरं काही बोलतच नव्हते. माहेरी गेले तर आईलाही पिनांबद्दल सांगत बसले. ती म्हणाली, "नातवंडांचं काही बोल." मी म्हटलं, "आधी पिना."

आबांना तेव्हा लांबचं छान दिसायचं, पण हाताशी धरलेली वस्तू धूसर दिसायची. त्यामुळे पिनांचं काम माझ्याकडे आलं. मी शिवणकाम करायची, हात बारीक कामाला सरावलेला. जुन्या पिना गंजून पेचात रुतल्या होत्या. त्या रॉकेल टाकून टाकून काढल्या. नव्या लोखंडी आणल्या तर आबांनी फेकून दिल्या, पितळीच पाहिजेत म्हणाले. मी धुळ्याला जाऊन पंपदुरुस्तीच्या चार दुकानांत वाद घालून पितळी आणल्या. मग त्यांनी शिकवलं. पाय जरासेच फाकवायचे, दुमडायचे नाहीत, कारण वेळ आली तर पिन हाताने काढता आली पाहिजे. पण उघडी ठेवायची नाही. शीड अडकतं, कपडा अडकतो, आणि अडकलेली गोष्ट पिनेला ओढून नेते. म्हणून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे. खालची बाजू मोकळी, पाणी निथळायला.

हे सगळं मी चोख करायची. आणि मी केलं की आबा यायचे, खाली बसायचे, आणि एकेक पेच बोटांनी चाचपायचे. दरवेळी! पट्टीवरून अंगठा फिरवायचे, पिनेचं डोकं शोधायचे, पेच हलवून बघायचे. माझा अस्सा संताप व्हायचा. मी तोंडावर म्हणायची, "आबा, माझ्या हातचं जेवता ते चाचपून बघता का?" ते हसायचे आणि पुढच्या पेचाकडे सरकायचे. मला एकच हवं होतं. एक दिवस त्यांनी म्हणावं, तू केलंय ना, मग बघायला नको.

आमच्या यांना होडी अजिबात पसंत नव्हती. वडिलांना जवळचं दिसत नाही आणि ते पाण्यात जातात, याची त्यांना खरीखुरी भीती वाटायची. श्रावणात बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी ठरलं ते असं. पोळ्याच्या सकाळी आबांनी होडी पलीकडच्या काठापर्यंत न्यायची आणि परत आणायची. डोलकाठी उभी राहिली तर होडी राहील. पडली, तर होडी कोळ्यांना देऊन टाकायची, त्यांनी फळ्या काढून काय हवं ते करावं, आणि आबांनी पुन्हा नाव काढायचं नाही. आबा लगेच हो म्हणाले. सोबत कोण जाणार विचारल्यावर मी पीठ मळता मळताच ओरडले, "मी!" मला पोहता यायचं, माहेरच्या विहिरीत शिकले होते. यांनी कपाळाला हात लावला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर बैलांच्या ज्या खांद्यांनी जू ओढलं त्यांना हळद आणि लोणी चोळायचं. मी बैलांचे खांदे चोळले, आणि वाटीत थोडं उरलं. आता हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझंच डोकं. मला वाटलं, होडीचे खांदे कोणते? भार कुठे पडतो तिच्या? तारांच्या पेचांवरच ना! झालं. मी वाटी घेऊन उजेड होता तोवर खाली धावले. तिन्ही पेचांवरच्या पट्ट्या सोडल्या, पिना काढल्या, पेचांना आट्यांपर्यंत हळद-लोणी चोळलं, अगदी मायेने. मग पिना परत घातल्या, पाय फाकवले, आणि नव्याकोऱ्या पट्ट्या गुंडाळल्या. पितळ असं पिवळंधमक दिसत होतं की मी होडीला नमस्कार केला. कुणाला काही बोलले नाही. सकाळी सगळ्यांना चकित करायचं होतं.

सकाळी वारा छान होता, मावळतीकडून येणारा. अर्धा गाव काठावर. हे धरणाच्या भिंतीवर जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. आबा पाण्यापाशी आले आणि सवयीने पहिल्या पेचाकडे वाकले. मग थांबले. माझ्याकडे बघून आपल्या अहिराणीत म्हणाले, "आज मी दखत नही. तू करेल शे, मंग बठ्ठं बराबर शे."

काय सांगू! न बघताच सगळं बरोबर म्हणाले! मला हवं होतं ते नेमकं त्या दिवशी, साऱ्या गावासमोर मिळालं. मी कमरेला पदर खोचून होडीत अशी चढले, जशी काही ती मीच बांधली होती.

आणि होडी निघाली. शीड एकदम फुगलं, होडी एका अंगावर कलली, पाणी बाजूने सळसळत मागे जाऊ लागलं. मी आनंदाने मोठ्याने किंचाळले. काठावरच्या बायका हसल्या, मला ऐकू आलं. आबा सुकाणू धरून मागे बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची दहाएक वर्षं तरी त्या वाऱ्याने उडवून नेली होती. आम्ही कुठे जातोय, परत यायचंय, पैज आहे, काही म्हणजे काही लक्षात राहिलं नाही. उत्साहात माझा पदर कधी सुटला तेही कळलं नाही.

पलीकडचा काठ जवळ आला, तेव्हा पदराला हिसका बसला. तो उजव्या तारेच्या पेचात अडकला होता. मी ओढून सोडवला आणि सहज खाली पाहिलं. माझी नवीकोरी पट्टी ट्यूबसकट घसरून खाली लोंबत होती. लोण्यावर ती चिकटलीच नव्हती. पिनेचं भोक रिकामं होतं. आणि माझ्या मायेने गुळगुळीत झालेला पेच, तार हलेल तसा, थोडा थोडा उलटा फिरत होता.

वारा डावीकडून होता म्हणून उजवी तार तेव्हा सैल होती. पण परतीला होडी वळली की वारा उजवीकडून येणार, आणि सगळा भार याच तारेवर पडणार. हे मला आबांनीच शिकवलं होतं. मागून आबांचा आवाज आला, वळतोय म्हणून.

"आबा, वळू नका!"

"काय झायं?"

एक क्षण वाटलं, काहीतरी थाप मारावी. मग मी ओरडूनच सांगितलं, "उजव्या पेचाची पिन गेली! मी काल लोणी चोळलं! माझी चूक!"

आबा रागावले नाहीत. समोर काठाचे खडक दिसत होते, मला मोजता येतील इतके जवळ. त्यांनी शिडाची दोरी सैल सोडली, होडीचा वेग कमी केला, आणि एवढंच विचारलं, "कितला टाइम लागी?"

"आत्ता!"

मी पेच हातात धरला, तर तो सुळकन निसटला. पदराने आटे पुसले, पेच पुसला, हात पुसले. मग दात-ओठ खात तार कडक होईपर्यंत पेच फिरवला. आता भोकात घालू काय? जादा पिना घरी, शिवणाच्या डब्यात! स्वतःला शिव्या घालता घालता हात गळ्याशी गेला आणि मंगळसूत्राला लावलेल्या सेफ्टी पिना हाताला लागल्या. तीन होत्या. त्यातली सगळ्यात मोठी काढली, भोकातून घातली आणि बंद केली. खट् असा आवाज आला. पदराची कड दातांनी फाडून तिच्यावर करकचून बांधली.

"वळा, आबा!"

होडी वळली. शीड डोक्यावरून दुसऱ्या बाजूला गेलं, उजवी तार ताठ झाली आणि तिच्यातून बारीकसा सूर निघाला. मी दोन्ही हातांनी पेच धरून बसले, जशी काही माझ्या धरण्यानेच डोलकाठी उभी राहणार होती. पण ती उभी राहिली. भिंतीवरची यांची आकृती मोठी मोठी होत गेली, मग त्यांचा शर्ट ओळखू आला, मग चेहरा. होडी काठाला लागली तेव्हा ते भिंतीवरून उतरून गुडघाभर पाण्यात आले होते आणि त्यांनी होडीची कड घट्ट धरली होती.

मी त्यांनाही सगळं सांगितलं. हळद-लोण्यासकट. ते पेचात अडकवलेल्या सेफ्टी पिनेकडे बघत राहिले, मग माझ्या फाटक्या पदराकडे. म्हणाले, "डोलकाठी उभी आहे. ठरलं ते ठरलं." गावाने आरोळी ठोकली. पोरं बैलांच्या सजावटीतले दोन गोंडे आणून होडीला बांधू लागली, आणि मी त्यांना पेचांपासून लांब हाकललं.

आबांनी मात्र सेफ्टी पिन काढून माझ्या हातावर ठेवली. "लोखंड शे, गंजी जाई," म्हणाले. मी घरी पळत जाऊन शिवणाचा डबा आणला. तिन्ही पेच रॉकेलने धुतले, कोरडे केले, पितळी पिना घातल्या, ट्यूब, पट्टी, तीन वेढे, खालून मोकळं. दुपार झाली. घरी पुरणपोळ्या निवत होत्या.

झाल्यावर आबा पेचांना हात न लावताच घराकडे निघत म्हणाले, "चाल आते, बठ्ठं बराबर व्हई."

मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा, सासऱ्यांचा. त्यांना पहिल्या पेचापाशी बसवलं आणि त्यांचा अंगठा त्या पट्टीवर टेकवला.

"आबा," मी म्हटलं, "आधी चाचपून बघा."