गाडीखालचं ऑफिस

दुसऱ्या टाळेबंदीच्या हिवाळ्यात मी सात आठवडे एका गाडीखाली बसून नोकरी केली. नंतर हे ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे हसले. मीही त्यांच्याबरोबर हसले. तेव्हा मात्र त्यात काही विचित्र आहे हे कळण्याइतकीही शुद्ध माझ्यात उरली नव्हती.

झूटरमेर या डच गावातलं आमचं भाड्याचं घर ओळीतलं शेवटचं होतं. त्याला लागून गॅरेज होतं आणि त्याचं छप्पर घरमालकांनी मुद्दाम उंच करून घेतलं होतं, कारण आत त्यांनी गाडीची लिफ्ट बसवली होती. चार कोपऱ्यांत चार लोखंडी खांब, मध्ये चाकं टेकतील अशा दोन रुंद पट्ट्या. बटण दाबलं की अख्खी गाडी वर जायची. त्यांची फिकट निळी, जुनी गाडी कापड पांघरून वर्षभर वरच उभी असे. घरमालक सत्तरी ओलांडलेले, उंच, सावकाश बोलणारे. बायको गेल्यावर ते जवळच्याच एका फ्लॅटमध्ये राहायला गेले होते आणि तिथे गाडीला जागा नव्हती. घर देताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "वरची जागा माझी, खालची तुमची." खाली आम्ही सायकली ठेवायचो.

स्लोटरडाइकच्या ऑफिसला जायचे तेव्हा रोजच्या ट्रेनला मी कंटाळलेली असायचे. आता ट्रेन नव्हती, पण घरात बसायला जागाही नव्हती. वरची दार असलेली खोली नवऱ्याने घेतली, कारण त्याचे क्लायंट मोठ्या आवाजात बोलत आणि तोही. शाळा बंद, त्यामुळे आठ वर्षांची मुलगी जेवणाच्या टेबलावर टॅबसमोर. मी तिच्या शेजारी बसले तर दर पाच मिनिटांनी "आई, हे कसं करायचं?" आणि माझ्या मीटिंगमध्ये तिच्या बाई.

एका रविवारी नवरा म्हणाला, "गॅरेजमध्ये बस ना. शांतता आहे, इंटरनेट पोचतं."

"डोक्यावर गाडी आहे रे."

"ती काय आजची आहे? इतकी वर्षं आहे तिथे."

वाद घालायला अंगात जोर नव्हता. सायकली एका भिंतीला लावल्या, घडीचं टेबल मांडलं, पायाशी विजेचा हीटर ठेवला. घरमालकांना फोन करून विचारलं तर ते उलट खूश झाले. "बसा की. तेवढीच माझ्या गाडीला सोबत."

पुण्याला आईशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझ्या मागे ते खांब कसले गं?" मी फोन वर करून दाखवला. ती म्हणाली, "हे मला बघवत नाही. तू फोन खाली कर आधी."

मी तिला सांगितलं की हे मजबूत असतं, इथे सगळं नियमानुसार असतं. हे मी कुठल्या आधारावर म्हणाले, कोण जाणे. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये काय बिघडू शकतं हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. डोक्यावरच्या लोखंडाला मात्र मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

जानेवारीत मुलीच्या बाईंनी घरातल्या दहा वस्तू मोजून आणायला सांगितल्या. तिने शिडीचा दांडा मोजला, सोफा मोजला, आणि माझी मीटिंग चालू असताना टेप घेऊन गॅरेजमध्ये आली. जमिनीपासून लिफ्टच्या पट्टीपर्यंत किती, तेही मोजलं. एकशे शहात्तर सेंटिमीटर. यादी फ्रिजवर लागली. दोन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, आता त्याच वस्तू पुन्हा मोजा, पहिलं माप किती बरोबर होतं ते बघू. नऊ मापं जुळली. लिफ्टचं आलं एकशे त्र्याहत्तर.

"नीट मोज," मी लॅपटॉपवरून नजर न हलवता म्हणाले.

"आय डिड, आई. थ्री टाइम्स."

"मग मागच्या वेळी चुकलं असेल."

तिने तोंड पाडलं आणि गेली. त्या दिवशी मला सहा मीटिंगा होत्या. संध्याकाळी भाजी चिरताना फ्रिजवरचा कागद समोर होता आणि मी उगाच त्याच्याकडे बघत राहिले. सोफ्याच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक नव्हता. ही मुलगी मोजताना चुकत नाही. सुरी ठेवून टेप घेतला आणि चारही खांबांपाशी मोजलं. सगळीकडे एकशे त्र्याहत्तर, एका ठिकाणी किंचित कमी. गाडी सगळीकडून जवळजवळ सारखीच खाली आली होती, म्हणून डोळ्यांना कळलंच नव्हतं. मी बुटकी, त्यामुळे डोक्यालाही कळलं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो आला, वाकून बघितलं, पट्टीला हात लावला. "तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही गं. आणि आत्ता घरमालकांपाशी हा विषय काढू नकोस. मार्चमध्ये करार संपतोय. ते म्हणाले घर सोडा, तर या दिवसांत कुठे शोधणार आहोत?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घर मिळवायला आम्हाला आठ महिने लागले होते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन बसले, हे आजही सांगायला जड जातं. दोन दिवस बसले. कामात लक्ष नव्हतं, दर अर्ध्या तासाने टेप लावत होते. तिसऱ्या दिवशी मुलगी पेन्सिल मागायला आली आणि माझ्या टेबलाखाली शिरून शोधायला लागली. तिचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी तिला दंडाला धरून ओढून बाहेर काढलं, इतक्या जोरात की ती रडली. मग तिथूनच घरमालकांना फोन लावला.

ते म्हणाले, "थंडीत लोखंड आकसतं."

"तीन सेंटिमीटर नाही आकसत," मी म्हणाले. "माझी मुलगी इथे खेळते. कोणाला तरी बोलवा. तोवर मी इथे बसणार नाही, आणि तुम्हीही आत येऊ नका."

मला वाटलं, गेलं घर. मग ते म्हणाले, "उद्या सकाळी."

तंत्रज्ञ मधल्या वयाची बाई होती. त्या दिवसांत घरात बाहेरच्या एकाच माणसाला येता येत असे, त्यामुळे ती एकटी आत गेली. घरमालक आणि मी बाहेर, दीड मीटरचं अंतर ठेवून, थंडीत उभे. तिने गाडीखाली पाऊल टाकलं नाही. खांबांभोवती बाहेरूनच फिरली, बॅटरीचा झोत वर मारला आणि विचारलं, "हे टेबल कोणाचं?"

"माझं."

"हीटरही? वर पेट्रोलची टाकी आहे, माहीत आहे ना?"

मग तिने पुढच्या खांबाजवळच्या एका दांड्याकडे बोट केलं. त्या दांड्यावर मी रोज माझा मास्क अडकवत होते. तो दांडा कपडे वाळत घालायच्या दोरीने मागे ओढून बांधलेला होता.

"हे कोणी बांधलं?"

घरमालक म्हणाले, "मी. उतरवताना खटके अडकायचे. फार वर्षं झाली."

तिने आम्हाला समजावलं, अगदी शांतपणे. प्रत्येक खांबात एक लोखंडी खटका असतो आणि तो दांडा ओढला की चारही खटके मागे सरतात. गाडी वर नेल्यावर ती जराशी खाली सोडून या खटक्यांवर टेकवायची, म्हणजे वजन लोखंडावर येतं. पंपातलं तेल फक्त चढवण्या-उतरवण्यापुरतं. दोरीने खटके मागे धरून ठेवल्यामुळे ही गाडी इतकी वर्षं नुसत्या तेलाच्या दाबावर आणि पट्ट्या ओढून धरणाऱ्या तारांवर उभी होती. आता पंपाची झडप झिजली होती आणि तेल हळूहळू परत वाहत होतं.

"हळूहळूच आली असती ना खाली?" मी विचारलं. मला हो ऐकायचं होतं.

"बहुतेक. तार तुटली नसती तर."

घरमालक आमच्या दाराच्या पायरीवर बसले. मास्क हनुवटीखाली घसरला होता आणि ते त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. "मीच तुम्हाला बसा म्हणालो," ते म्हणाले. "सोबत म्हणालो." मी त्यांना चहा करून आणला आणि पायरीवर ठेवून मागे सरकले. त्यांच्यावर रागवायचं मी ठरवून ठेवलं होतं, पण जमलं नाही. सगळा राग माझ्या स्वतःवरच येत होता आणि तोही थकलेला.

तिने लांब काठीने माझं टेबल आणि हीटर बाहेर ओढून घेतले, दोरी कापली आणि दूर उभी राहून इंच इंच गाडी उतरवली. चाकं जमिनीला लागली तेव्हा कापडावरची धूळ उडाली, एवढंच.

करार मार्चमध्ये वाढला. घर सोडण्याविषयी घरमालकांनी चकार शब्द काढला नाही. खटके आणि पंप दुरुस्त झाल्यावर ते फोनवर म्हणाले, गाडी आता खालीच राहील, सायकलींना मागे छप्पर घालून देतो.

मुलीला मी सॉरी म्हणाले, दोनदा. मापाबद्दल एकदा आणि दंडाबद्दल एकदा. "ओके," म्हणाली आणि टॅबकडे वळली.

गाडी खाली आली त्याच रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, "वरची खोली एक दिवस तुझी, एक दिवस माझी. उद्यापासून." वाद होईल म्हणून मी वाक्यं जुळवून ठेवली होती. तो ताटाकडे बघत "बरं" म्हणाला. इतकं सोपं होतं. डिसेंबरमध्येच मागितलं असतं तरी मिळालं असतं, आणि हेच माझ्या मनाला त्या लिफ्टपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेले, दार लावलं. नऊची मीटिंग सुरू झाली. मी माइक बंद केला, कॅमेरा बंद केला आणि टेबलावर डोकं टेकवलं. कोणीतरी माझं नाव घेऊन विचारेपर्यंत तशीच पडून राहिले.