पाय दाबला की येणारा आवाज

वडिलांनी मिठागरांच्या उत्पन्नातून जुनी विलायती मोटर घेतली, तेव्हा माजिवड्यात मोटर म्हणजे नवलच होतं. मी नुकताच कॉलेज सोडून घरी बसलेला, म्हणून गाडी मी चालवायचो. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला आवाज लागला. उभी असली की गप्प, सावकाश चालली तरी जवळपास गप्प. पण ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की खालून ढणढण आणि वर भसाभसा फुत्कार. रस्त्यावरचे बैल बुजायचे. माझं डोकं उठायचं.

नेमकं पावसाळा संपताना ठाकुर्लीला बहिणीच्या दुसऱ्या बाळाचं बारसं ठरलं. आईने बाळ अजून पाहिलं नव्हतं. पावसाळाभर ती फार दमत होती, स्टेशनचा जिना तिला चढवत नव्हता, त्यामुळे आगगाडी बाद. वडिलांनी मोटरलाही नकार दिला. "असल्या आवाजात मी हिला घेऊन आग्रा रोडला लागनार नाय. भिवंडीच्या अलीकडं बंद पडली तं काय डोक्यावर नेवाची?" म्हणजे आवाज गेला तर आई बारशाला, नाही तर घरी. सगळं माझ्या गळ्यात आलं, आणि धीर धरणं मला कधीच जमलं नाही.

बैलगाडीपलीकडे काही न हाकलेले लोकही सल्ले द्यायला आले. कोणी म्हणे पेट्रोलात भेसळ, कोणी म्हणे गिअर गेला. मी प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, पुन्हा बसवला. आवाज जिथल्या तिथे. जेवणावर लक्ष नाही, झोप नाही, जो समोर येईल त्याच्यावर खेकसायचो.

शेवटी वैतागून आईलाच चालकाच्या जागेवर बसवलं आणि स्वतः गाडीखाली शिरलो. "मी दाब म्हटलं की दाब." लुगड्याचा काष्टा सावरत तिने पाय असा काही दाबला की इंजिन किंचाळलं.

"अगं, पुरे, पुरे!"

"मना काय म्हाईत पुरे कवा!" वरून तिचं हसू ऐकू आलं.

पण मला हवं ते दिसलं. पाय दाबताच इंजिन हिसका देत होतं आणि धुराची नळी उचलून तळाच्या पत्र्यावर आपटत होती. तिला धरणारी पट्टीच तुटली होती. ढणढण सापडली. मग नळीच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबलं आणि कान लावला. डिकीच्या खाली फुस्स झालं. इंजिन बंद करून नळी निवल्यावर तिथे बोट घातलं तर आरपार गेलं. गंजाचा चुरा तोंडात पडला, खारट लागला.

आमच्यात पाहुणा म्हणून कुठे निघालं की मिठाची गोण बरोबर जायचीच. मिठागरवाल्याने हात हलवत जाणं म्हणजे नाक कापून घेणं. वडील ती गोण मिठागरातल्या राशीवरून ओलीच उचलून डिकीत टाकायचे आणि पाणी खाली नळीवर गळत राहायचं. मी त्यांच्यावर भडकलो. ते तितकेच भडकले, "पोरीच्या घरी रिकामा जाऊ?" ठाण्याच्या गॅरेजात नळी जोडून घेतली, नवी पट्टी घातली, आणि गोण डिकीतून मागच्या सीटवर पत्र्याच्या घमेल्यात गेली.

खाडीपर्यंत चक्कर मारली. पाय कितीही दाबा, गाडी मुकाट. मी लढाई जिंकल्यासारखा घरी आलो. आई एवढंच म्हणाली, "बरा होता की तो आवाज." मला हसू आलं.

बारशाच्या सकाळी आई माझ्या शेजारी बसली, वडील मागे गोणीला धरून. खाडीवरचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा मिळाला, मी पाय दाबला. आणि पुन्हा काहीतरी ऐकू आलं. बारीक, शिट्टीसारखं, मध्येच घरघरणारं. माझ्या कपाळाची शीर उठली. एवढी मरमर करून पुन्हा तेच? मी पाय काढला. आवाज गेला नाही. गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली, तरी गेला नाही. रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

आवाज चालूच होता. आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिची छाती वाजत होती.

 पावसाळाभर ती याच गाडीतून आमच्याबरोबर बाजाराला येत होती, शेजारी बसत होती, आणि गाडीच्या आवाजात आम्हाला काही कळलं नव्हतं. मागून वडील म्हणाले, "परत फिरव. ठाण्याला डाक्टरकडं." एवढ्या हळू ते कधी बोलले नव्हते.

"फिरवू नको," आई म्हणाली. एकेक शब्दाला थांबत होती. "उंद्या नेवा, कुठं नेवाचं तिथं. आज मना पोर बघू दे."

वडिलांनी गोण पुन्हा घट्ट धरली. मी गाडी चालू केली. ठाकुर्लीपर्यंत आम्ही तिघंही तो आवाज ऐकत गेलो.