सहावा प्रश्न

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. वकिलीची सनद मिळून वर्षही झालं नव्हतं. छापण्याआधी प्रत्येक बातमी वाचायची आणि अब्रुनुकसानीचा दावा लागेल असं काही दिसलं की खोडायचं, हे तिचं काम. बातमीदार वैतागायचे. “मॅडम, पीठ सगळं तुमच्या टेबलावर राहिलं, आम्ही काय कोंडा छापायचा?” ती हसायची आणि आणखी एक ओळ काटायची.

त्या वेळची बातमी एका इस्पितळाच्या लिफ्टची होती. लिफ्ट रुग्णासकट मध्येच अडकायची. ब्रेक झिजलेत हे वरच्यांना ठाऊक आहे, पण दुरुस्ती करत नाहीत, असं तिथल्याच मेकॅनिकने बातमीदाराला सांगितलं होतं. अट एकच, नाव बाहेर जाता कामा नये. घरात दोन पोरं, म्हातारी आई, आणि कमावता हा एकटा.

छापण्याआधी समोरच्याची बाजू विचारायची, हा या धंद्यातला रिवाज. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर तोच पाठीशी असतो. इस्पितळाला पाठवायचे प्रश्न लिहायला बसली चाळणी.

“जरा मोघम ठेवा हं,” बातमीदार म्हणाला.

“मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं.”

झालं! शहाण्याला कोण शिकवणार? सहाव्या प्रश्नात तिने विचारलं, मशीनच्या झाकणाआडचे ब्रेक पार धातूपर्यंत घासलेत, हे खरं का? मेकॅनिकचं नाव कुठे आलं नाही ना, हे तिने पुन्हा पुन्हा तपासलं. नाव नव्हतंच. पण त्या झाकणाची किल्ली कुणाकुणाकडे असते, हे विचारायचं तिला सुचलं नाही. ती एकट्या मेकॅनिककडेच असायची.

बातमी आली, गाजली. इस्पितळाने निमूटपणे ब्रेक बदलले, दावा काही लावला नाही. संपादकांनी चाळणीची पाठ थोपटली, आणि ती चार दिवस हवेत होती.

मग मेकॅनिक कचेरीत आला. कामचुकार ठरवून त्याला काढून टाकलं होतं. तो थेट बातमीदाराच्या अंगावर गेला. “विश्वासाने सांगितलं, आणि तूच केसाने गळा कापलास!” बातमीदार आईची शपथ घेऊन सांगत होता. नाव फुटलं कसं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

चाळणीला कळलं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“त्यांनी नाही सांगितलं, दादा,” ती म्हणाली. “मी सांगितलं. तुमचं नाव न घेता.”

तिने तो प्रश्न वाचून दाखवला. मेकॅनिक मटकन खुर्चीत बसला.

“मग माझी केस तुम्हीच लढा,” तो म्हणाला. “त्यांनाही असंच बारीक विचारा.”

“मला नाही लढता येणार. कामचुकार म्हणून नाही, बातमी दिली म्हणून काढलं, हे कोर्टाला पटवायला साक्षीदार लागेल. प्रश्न मी लिहिला, तेव्हा साक्षीदार मीच, आणि साक्षीदाराला त्याच केसमध्ये वकील होता येत नाही. वकील दुसरा बघून देते.”

आतून संपादक ओरडले, “भर कोर्टात आपल्या पेपरची चूक सांगणार? मग उद्यापासून इथे येऊ नका!”

चाळणीने पर्स उचलली.

“चला दादा,” ती म्हणाली, “आता आपण दोघंही काम शोधू.”